लाग की मेल्या

सोमवार, ३ फेब्रुवारी
ही माझी मापाची वही. पुढच्या पानांवर लोकांच्या कंबरा आणि बाह्या, मागची पानं कोरी. मास्तर म्हणाला, रोज काय शिकलीस ते त्यावर लिहीत जा. मी म्हटलं, तिसरीत शाळा सुटली माझी, मी काय लिहिणार कपाळ. तर म्हणे, मापं लिहितेस ना? तसंच लिही, जे आहे ते.

मास्तर म्हणजे माझा नवरा. तीस वर्षं कीबोर्ड वाजवतोय, म्हणून सगळी गल्ली मास्तर म्हणते. चारचौघांत मी अहो मास्तर म्हणते, घरात अरे. मी कपडे दुरुस्त करते. सैल असेल ते घट्ट, लांब असेल ते आखूड. तो मला कात्री म्हणतो. धंद्यामुळे नाही, जिभेमुळे.

त्याच्या बँडात चौघं होते. ड्रमवाला गाव सोडून गेला, गिटारवाल्याने हार्डवेअरचं दुकान टाकलं, गाणारीचा घसा बसला तो बसलाच. हा एकटा उरला. दर रविवारी दुपारी नाचाच्या हॉलवर वाजवायचं असतं, साठीपुढची जोडपी येतात नाचायला. तर आज हा एक काचेची पाटी घेऊन आला. चहाच्या ट्रेएवढी. लावली की तिच्यात रंगीत चौकोन उजळतात, कडेला वरखाली सरकणाऱ्या पट्ट्या. पाटीत स्वतःचा आवाज नाही. बोट लावलं की ती लॅपटॉपला सांगते, आणि लॅपटॉप वाजतो.

"ही तू वाजवायचीस," म्हणाला.
"मी?"
"दहाही बोटं एकदम ओळखते ही. आणि तुझी दहाही बोटं चालतात."
"माझी बोटं पँटी उसवायला आहेत."
"तेच. उसवणाऱ्यालाच शिवण कळते."
बोलण्यात याला हरवणं मुश्कील. पहिली पाटी तिसरीत फुटली, ही दुसरी.

बुधवार, ५ फेब्रुवारी
पाटी मला ओळखतच नाही. मास्तरने नुसतं टेकवलं तरी ठण्ण वाजतं. मी दाबते, दाबते, काही नाही. सुया टोचून टोचून बोटांची टोकं लाकूड झालीत माझी. शेवटी वैतागून ओरडले, "लाग की मेल्या!"
मास्तर पोट धरून हसला. "मी समजलो मला म्हणतेस."
"तुलाही म्हणते."
"दिवसातून वीसदा मेल्या ऐकतो. आयुष्य वाढतं म्हणतात त्याने. शंभरी कुठे गेली नाही माझी."
मग सुईत दोरा ओवताना करते तसं बोट जिभेला लावलं आणि टेकवलं. वाजलं. तो म्हणाला, जगात जिभेने पाटी वाजवणारी तू पहिलीच.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
आज आवाज भरायला शिकले. चौकोनावर बोट दाबून धरायचं. कड लाल झाली की माइकसमोर जे होईल ते त्या चौकोनात जाऊन बसतं. बोट उचललं की बंद. आधी तिथे जे होतं ते पुसलं जातं. पाटी विचारत नाही, खरंच पुसू का म्हणून.
माझ्या शिलाई मशीनचा आवाज भरला. एकदा संथ, एकदा भरधाव. कात्रीचा कचकच भरला. मास्तरने त्यावर खाली जाड सूर सोडला आणि काय सांगू, माझी खोली नाचायला लागली. सव्वीस वर्षं त्या मशीनवर बसतेय, त्यात ताल आहे हे आज कळलं.
मग मी माझा शहाणपणा केला. बोट लागत नाही म्हणून दाबून धरलं, कड लाल झाली ते पाहिलंच नाही, आणि मला शिंक आली. मशीन गेली, शिंक बसली. मास्तर म्हणाला, "कात्री, टेकव आणि उचल. दाबून धरू नकोस. तुला सगळ्याला धरून ठेवायची सवय."

रविवार, १६ फेब्रुवारी
पहिल्यांदा हॉलवर वाजवलं. माझे चारच चौकोन, बाकी सगळं तोच. दोघांच्या एकेका कानात वायर, त्यातून तो मोजतो. लोकांना ऐकू जात नाही. "एक, दोन, तीन, हं." त्या 'हं'वर मी बोट टेकवायचं. त्याचं 'हं' कानात आलं की बोट आपोआप पडायचं.
हॉलवाल्या बाई म्हणाल्या, मास्तर, नवीन कलाकार कुठून आणला? हा म्हणाला, घरातच पडून होता.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
मास्तरच्या दोन पँटी आत घेतल्या. चौतीसची कंबर बत्तीस. म्हटलं, "काय रे, जेवत नाहीस की काय?" म्हणे, पोट कमी करतोय, स्टेजवर बरं दिसतं. पन्नाशी उलटली आणि आता याला बरं दिसायचंय.
वर एकेक काम माझ्या गळ्यात घालतोय. परवा डाव्या हाताचे सूर पाटीत भरून दिले, आज आणखी दोन गाणी. प्रत्येक चौकोनावर मला कळावं म्हणून चित्र काढून दिलंय. बटण, सुई, खडू, चावी. म्हटलं, तू काय करणार मग? नुसता उभा राहणार? म्हणे, मी तुझ्याकडे बघणार.
आळशी मेला.

गुरुवार, १३ मार्च
दर गुरुवारी सकाळी बाहेर जातो आणि दुपार कलल्यावर येतो. कीबोर्ड ठीक करणाऱ्याकडे जातो म्हणतो. कीबोर्ड घरातच असतो, पलंगाखाली. मी काय आंधळी?
आज आला तर कोपराच्या आत कापसाचा बोळा चिकटवलेला. म्हणे डास चावला. डास चावल्यावर कोण पट्टी लावतं? अंगाला फिनेलसारखा वास. आल्या आल्या झोपला. जेवला नाही. बाहेर कुठेतरी जेवून येत असेल.
कंबर कमी, कपडे नीटनेटके, गुरुवार ठरलेला. ताटात वाढलेलं कळत नाही एवढी मी भोळी नाही. तिचं नाव माहीत नाही, म्हणून मी तिला गुरुवारची म्हणते.

रविवार, २३ मार्च
हॉलवर आज जवळजवळ सगळं मीच वाजवलं. हा खुर्ची घेऊन बसला. एका हाताने कीबोर्डवर सूर धरला आणि मला नुसतं मोजून दिलं. सातव्या गाण्यात तर नुसताच भिंतीला टेकून डोळे मिटले. लोक माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते आणि माझ्या डोक्यात एकच, हा मला शिकवून तयार करतोय आणि स्वतः निघणार. सामानाची बांधाबांध चाललीय. माझं पोट भरायची सोय लावून जाणार, म्हणजे याला वाटेल की आपण चांगले वागलो.
परतताना म्हटलं, "जायचं असेल तर सरळ सांग."
कीबोर्डची पिशवी त्याने खांदा बदलून घेतली. म्हणाला, "सरळ सांगायला जमत नाहीय, कात्री."
मग मी घरापर्यंत त्याच्या दहा पावलं पुढे चालले.

मंगळवार, १ एप्रिल
दुपारी आतल्या खोलीचं दार लोटून कुणाशी तरी बोलत होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी. ऐकलं ते जसंच्या तसं लिहिते.
"घाबरायचं नाही हं. मी आहे ना इथेच. तुला सगळं येतं." मग थोडं थांबून, "एक, दोन, तीन..."
एवढा मऊ आवाज. माझ्याशी सव्वीस वर्षांत असा बोलला नाही. तिलाही शिकवतोय वाटतं. पुढे आणखी काहीतरी म्हणत होता, पण मी थांबले नाही. तांब्या तिथेच आपटला आणि मशीनवर जाऊन बसले. एवढी दामटली की सुई मोडली.

बुधवार, २ एप्रिल
पाटीच्या उजव्या कोपऱ्यात आज एक नवा चौकोन. त्यावर चित्र नाही, नुसता पांढरा. म्हणाला, "हा तुझ्या कानात वाजेल. पण आत्ता नाही. मी कधी हॉलवर पोचलो नाही, तर सुरुवातीला याला बोट लाव."
"का पोचणार नाहीस?"
"बस चुकली तर."
"कुणाबरोबर चुकणार बस?"
माझ्याकडे असा बघत राहिला, जसं मी काही दुसऱ्याच भाषेत बोलले.

गुरुवार, ३ एप्रिल
तो गेल्यावर पाटी लावली. म्हटलं, बघू तरी काय लपवलंय पांढऱ्यात. बोट टेकवलं. लागेना. रागात जीभ लावायची आठवण कुठली. दाबलं. लागेना. आणखी जोरात दाबून धरलं आणि ओरडले, "लाग की मेल्या!"
मग पाहिलं तर कड लाल.
बोट उचललं. पुन्हा टेकवलं, या वेळी ओलं करून. कानात माझाच आवाज आला. लाग की मेल्या. बस. दुसरं काही नाही. चार-पाच वेळा लावून पाहिलं. तेच.
मेलं ते काय होतं देवाला ठाऊक. गुरुवारचीचं गाणं असेल तर बरंच झालं. त्याला सांगितलं नाही.

शनिवार, ५ एप्रिल
पांढऱ्या चौकोनाबद्दल त्याने विचारलं नाही. मीही तो विषय काढला नाही. शर्टाची कॉलर आता मानेभोवती फिरते त्याच्या.

गुरुवार, १० एप्रिल
आज त्याच्या मागे गेले. ओढणी तोंडावर घेतली, दुसऱ्या दाराने बसमध्ये चढले. तो उतरला, मी उतरले. मोठ्या दवाखान्यात शिरला. मला वाटलं, परिचारिका असेल. चांगली शिकलेली असेल.
तिसऱ्या मजल्यावर एक लांब खोली. बारा खुर्च्या, पाय पसरायच्या. प्रत्येकीत माणूस आणि प्रत्येकाच्या हाताला नळी. खिडकीपासून चौथ्या खुर्चीत मास्तर. डोळे मिटलेले, उजव्या हाताची बोटं मांडीवर वाजत होती.
सिस्टर म्हणाली, "तुम्ही कोण?"
मी म्हटलं, "याची बायको."
"बरं झालं आलात. दर वेळी आम्ही विचारतो, घरून कुणी नाही का? तर म्हणतात, घरी कामाची घाई असते."
मास्तरने डोळे उघडले. मला पाहिलं आणि म्हणाला, "सापडलो."
त्याच्या खुर्चीशेजारच्या खांबावर बाटली टांगलेली होती. हीच ती गुरुवारची.

शुक्रवार, ११ एप्रिल
स्वादुपिंडाचा कॅन्सर. जानेवारीत कळलं. पाटी आणायच्या आठ दिवस आधी.
मी दोनदा त्याची कंबर मोजली. टेप माझ्या हातात होता. धंदा माझा मापाचा, आणि मला एवढंच दिसलं की कुणासाठी तरी बारीक होतोय.
"सांगितलं का नाहीस?" ओरडले मी. घरभर ओरडले.
"सांगितलं असतं तर तू शिकली असतीस? माझ्या उशापायथ्याशी बसली असतीस. मला बसलेली कात्री नको होती."
लेकीला फोन केला. ती दुसऱ्या गावात नोकरी करते.

शुक्रवार, २ मे
आता बाटल्या बंद. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, आवडेल ते करू द्या. याला आवडतं काय, तर पलंगावर पडून माझ्या चुका काढणं. पाटी पलंगाच्या कडेला ठेवते आणि वाजवते. "चावी उशिरा आली." "खडू आधी उचल." आवाज एवढासा झालाय, पण चूक बरोबर पकडतो.
आज पायजम्याची नाडी आवळली. मोजली नाही. टेप कपाटात टाकलाय.
संध्याकाळी म्हणाला, "हल्ली मला मेल्या म्हणत नाहीस."
"तोंड आवरलंय."
"नको आवरू. त्याशिवाय घरात असल्यासारखं वाटत नाही. म्हण ना."
मी म्हटलं, दूध नासेल, बघून येते. ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. दूध घरात नव्हतंच.

गुरुवार, ८ मे
लिहू की नको. जे आहे ते लिही म्हणाला होता.
सकाळी एकदम शुद्धीत होता. म्हणाला, "पांढरा चौकोन ऐकलास?"
माझा हात पाण्याच्या वाटीत होता, तिथेच राहिला. म्हटलं, "ऐकला."
"मी नको म्हटलं होतं."
"मी तुझं कधी ऐकलंय?"
हसला. "पाठ झाला?"
"झाला."
"म्हण बरं."
आणि मला ते दार आठवलं. तांब्या आठवला. सगळं एकदम असं अंगावर आलं की बसले. त्या दिवशी तो कुणाशी बोलत नव्हता. माइकशी बोलत होता. माझ्याशी.
मी म्हटलं, "घाबरायचं नाही हं. मी आहे ना इथेच. तुला सगळं येतं."
त्याने डोळे मिटून मान हलवली. "पुढे?"
"एक, दोन, तीन."
"आणि त्यानंतरचं?"
त्यानंतरचं माझ्याकडे नव्हतं. त्यानंतरचं मी रागात दारात सोडून आले होते, आणि जे चौकोनात होतं त्यावर माझी शिवी बसली होती. मी तोंड उघडलं. तेवढ्यात तोच म्हणाला, "जाऊ दे. ते मोठ्याने म्हणू नकोस. मलाच लाज वाटते. या वयात."
मी म्हटलं, "हो. बरं."
"आवडलं ना पण?"
"आवडलं."
समाधानाने झोपला. मी खोटं बोलले आणि तो समाधानाने झोपला. खरं सांगून पुन्हा विचारता आलं असतं. तो उठल्यावर विचारीन असं ठरवलं. दुपारी उठला, पण त्याला माझं नाव सापडेना.

सोमवार, १२ मे
मास्तर काल सकाळी गेला. लेक वेळेवर पोचली. मी पोचले नाही, मी शेजारी बसूनही. खिडकी उघडायला उठले होते.

गुरुवार, २९ मे
लेकीने लॅपटॉप उलटापालटा केला. तिला ऑफिसात हेच काम आहे. मी तिला सगळं सांगितलं, तांब्यापासून. दोन दिवस शोधत होती. आज म्हणाली, "आई, नाही गं. त्याच जागेवर नवीन चढलंय. बाबांचं निघत नाही."
"थोडंसं? शेवटचं तेवढं?"
"काहीच नाही."
मग म्हणाली, "तुझा आवाज तरी पुसून टाकू का त्यातून? तुला त्रास होतो ना?"
चौकोन मोकळा करून देते म्हणाली. मी तिचा हात धरला. चांगला जोरात धरला असणार, कारण ती आई गं म्हणाली. मी म्हटलं, राहू दे. तिथे त्याचं होतं. पाटीवर ती जागा रिकामी बघवणार नाही मला.
काय असेल ते शेवटचं? मी सगळं लावून पाहते. कात्री, जेवून घे. कात्री, दाबून धरू नकोस. लाज वाटण्यासारखं त्यात काय? लाज वाटेल असं तो मला कधी बोललाच नाही. एकदाच बोलला, आणि मी ते पुसलं.

शनिवार, १४ जून
हॉलवाल्या बाई स्वतः आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, इकडचं तिकडचं बोलल्या. मी म्हटलं, कामाचं बोला. म्हणाल्या, "पाच रविवार लोक येतात आणि टेपवर नाचून जातात. मजा नाही म्हणतात. मास्तरांनी एप्रिलमध्येच मला सांगून ठेवलं होतं, जूनपासून ती एकटी येईल. तिला विचारू नका, विचारलं की नाही म्हणते. तारीखच सांगा."
"मग काय सांगता?"
"उद्या. चार वाजता."
म्हणजे माझं नाही म्हणणंसुद्धा त्याने मोजून ठेवलं होतं.

रविवार, १५ जून
गेले. पाटी एका खांद्याला, लॅपटॉप दुसऱ्या. त्याची खुर्ची भिंतीला होती तिथेच कुणीतरी ठेवली होती. मी तिच्यावर माझी पिशवी ठेवली, नाहीतर त्या खुर्चीकडेच बघत बसले असते.
चाळीसेक माणसं असतील. जोड्या उभ्या राहिल्या, हातात हात. सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझ्या कानात कुणीच मोजत नव्हतं. बोटं दहा, पण एकही हलेना. नुसती भीती. बटण कुठलं, चावी कुठली, सगळं धुवून निघालं.
पांढरा दिसला तेवढा. त्याने सांगितलं होतं, मी पोचलो नाही तर याला बोट लाव. लावलं. लागलं नाही. बोट जिभेला लावलं आणि पुन्हा टेकवलं.
कानातली वायर मी लावलीच नव्हती. पिशवीतच राहिली होती. दोन्ही मोठ्या स्पीकरमधून, अख्ख्या हॉलभर, माझा आवाज फुटला.
"लाग की मेल्या!"
मग मागून एक म्हातारा खो खो हसला, आणि त्याच्यामागून सगळा हॉल. मास्तरनेच सगळ्यांना सांगून ठेवलेलं, कात्री त्याला घरात काय म्हणते. पुढच्या रांगेतली एक बाई हसता हसता डोळे पुसायला लागली. तिच्या नवऱ्याने तिचा हात सोडला नाही.
त्याने मागितलं होतं तेव्हा मी नासलेल्या दुधाचं सांगितलं. आज दिलं, एवढ्या मोठ्याने दिलं, तर घ्यायला तो नाही.
हसणं थांबलं. सगळे पाय तयार ठेवून उभे. मी सवयीने वाट बघत राहिले. एक झालं, दोन झालं, तीन झालं. पुढचं कुणी म्हणेना.
मग मीच म्हटलं, हं.